काड्या, गळ आणि वीस वर्षांची जपानी गाडी

८ ऑक्टोबर, बुधवार. दिवाळीच्या सफाईसाठी शाळेत सुटी टाकली होती आणि गॅरेज काढायला घेतलं होतं. गॅरेज म्हणजे आमच्या क्वार्टरच्या बाजूला पत्रे टाकून केलेली जागा. त्यात आमची वीस वर्षांची जपानी गाडी उभी असते आणि तिच्या चारी बाजूंनी तिचेच आणखी अवयव उभे असतात. दोन बंपर, डिकीचं एक झाकण, जुन्या चादरीत गुंडाळलेला सायलेन्सर. मी बंपरामागची जाळी काढली, झाकणावरची धूळ झटकली, गाडीचं दार उघडून आतून पुसायला लागले आणि स्टीअरिंगपाशी येऊन थांबले.

स्टीअरिंगला तारेने बांधलेला लाल टॅग होता. त्यावर हिंदीत छापलेलं होतं: खतरा, काम चालू है, मशीन चालू न करें. खाली बारीक अक्षरांत: लगानेवाले के सिवा कोई न हटाए. त्याच्याखाली सही. सही माझ्या नवऱ्याच्या मित्राची. टॅग तीन आठवड्यांपासून लटकत होता. गाडीत कोणतंही काम चालू नव्हतं, ती पूर्ण ठणठणीत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मला ती दुर्गच्या आरटीओत तपासणीला उभी करायची होती.

वीस वर्षं झाली की गाडीच्या कागदांची मुदत दुसऱ्यांदा वाढवून घ्यावी लागते. आमची मुदत दहा तारखेला संपत होती. पुढची वेळ दिवाळीनंतरची मिळत होती, तोवर गाडी रस्त्यावर आणता आली नसती, आणि पुण्यात असलेल्या आमच्या मुलाने तोवर थांबायची तयारी ठेवलेली नव्हती. त्याने रायपूरच्या भंगारवाल्याशी बोलूनच ठेवलं होतं. क्रेन पंधरा तारखेला येणार होती.

"आई, अब छोडो ना," तो फोनवर म्हणाला होता. "नवीन घेऊन देतो. सहा एअरबॅग."

"मले सहा एअरबॅग नाही पाहिजे, मले कुरुदला जायचं असते," मी म्हटलं होतं.

मी कुरुदच्या एका शाळेत गणित शिकवते. त्या तीन आठवड्यांत मी रोज दोन ऑटो बदलून, चौदा बायकांच्या मधे बसून, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन शाळेत गेले. आमच्या घरात गाडीवर प्रेम करणारा माणूस वेगळा आणि गाडी चालवणारा माणूस वेगळा. चालवणारी मी. त्यामुळे गाडी गेली तर दुःख नवऱ्याला होणार होतं आणि ऑटो मला लागणार होता.

हा टॅग तिथे कसा आला ते सांगायचं तर आधी मंडळाचं सांगावं लागेल.

ही गाडी काढणारी जपानी कंपनी आपल्याकडे काही वर्षं राहिली आणि निघून गेली. शोरूम बंद झालं, तिथे आता टाइल्स मिळतात. गाड्या मात्र राहिल्या. भिलाईत तेव्हा अशा पाच गाड्या होत्या आणि पाचही विदर्भातून आलेल्या मराठी घरांत होत्या, कारण एकाने घेतली की दुसऱ्याने त्यालाच विचारून घ्यायची ही आपली पद्धत. पाचही जण इथल्या पोलादाच्या प्लांटमधले. कंपनी गेल्यावर त्यांनी मंडळ काढलं. मंडळाचं काम म्हणजे कुठे एखादी तशीच गाडी मेली असं कळलं की जाऊन तिचे भाग आणायचे. नागपूरहून दिवा येई, बिलासपूरहून काच. माझ्या साड्यांच्या कप्प्यात गेली सहा वर्षं एक टेललाइट आहे. सुनेच्या माहेरची माणसं पहिल्यांदा घर पाहायला आली तेव्हा न्हाणीघरात रेडिएटर भिजत घातलेला होता. लग्न तरीही झालं.

महिन्यातून एकदा रविवारी हे लोक सिविक सेंटरला गाड्या ओळीने लावत आणि बॉनेट उघडून उभे राहत. येणारी-जाणारी माणसं विचारत, बिघडली का? कुणाचीही बिघडलेली नसे. मग इंजिन चालू करून त्यावर पाण्याचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवत. पाणी हललं नाही की एकमेकांकडे पाहत. त्यानंतर दार. दार लावल्याचा आवाज हा या गाडीचा खरा मुद्दा. पत्र्याचा खडखडाट नाही, ढप्प असा भरीव आवाज, जसं कुणी जाड पुस्तक मिटलं. पाच प्रौढ इंजिनियर पार्किंगमध्ये आळीपाळीने दारं लावून डोळे मिटून ऐकत उभे. मी मागच्या सीटवर बसून वह्या तपासत असे. एकाने पुढे आपली गाडी विकून मोठी नवी घेतली. तो अजूनही येतो आणि जरा बाजूला उभा राहतो. त्याला हे लोक "बदलीवाले" म्हणतात.

दरवर्षी सप्टेंबरमध्ये आमच्या गाडीचं शटडाऊन असतं. प्लांटमध्ये भट्टी काही दिवस बंद ठेवून तिची पूर्ण देखभाल करतात, तसंच. गाडीला काही झालेलं नसलं तरी. माझा नवरा सारी नोकरी मेंटेनन्समध्ये होता, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. आयुष्यभर बिघडलेल्या वस्तू दुरुस्त केलेल्या माणसाच्या वाट्याला कधीच न बिघडणारी गाडी आली, हा त्याच्यावरचा खरा अन्याय आहे. म्हणून शटडाऊन. चार दिवस, कामांची यादी, लॉगबुक, सगळं. गाडीबरोबर आलेलं कंपनीचं मॅन्युअल मात्र त्याने आजवर उघडलेलं नाही. ते प्लास्टिकच्या पाकिटात शोरूममधून आलं तसं सीलबंद आहे. "ज्याले मशीन समजत नाही त्याने मॅन्युअल उघडावं," असं त्याचं म्हणणं.

शटडाऊनला त्याचा मित्र येतो. हे भाऊजी दोन गल्ल्या सोडून राहतात, त्यांचीही तीच गाडी, फक्त रंग वेगळा. भाऊजी ब्रेक पाहतात, नवरा इंजिन पाहतो. काम करणाऱ्याने मशीनला स्वतःचा टॅग लावायचा आणि काम संपल्यावर स्वतःच काढायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा प्लांटचा नियम. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात, भाऊजी टॅगचा गठ्ठा घेऊन आले होते.

यंदा शटडाऊन सतरा सप्टेंबरच्या विश्वकर्मा पूजेच्या आदल्या दिवशी जवळजवळ संपलं. ब्रेक झाले, फक्त टॅग काढायचा राहिला, तो पूजा झाल्यावर काढू म्हणाले. पूजा आमच्याच अंगणात होती. मंडळ जमलं, गाड्यांना हार घातले, आणि आरतीच्या आधी नवऱ्याने वही काढली. त्यात त्याने कंपनीचा इतिहास लिहिला होता. चाळीस पानं.

मी तो ऐकला आहे, त्यामुळे थोडक्यात सांगू शकते. समुद्राकाठचं एक गाव, एक लोहार, त्याचा हुशार मुलगा. मुलगा पोलादाच्या तारेपासून छत्रीच्या काड्या करायला लागला. त्या काड्या वाऱ्यात उलट्या होत नसत. लोक लांबून येऊन नेत. मग सायकली, मग लढाई, लढाईत कारखाना गेला. मग उरलेल्या पत्र्यातून तीन चाकांची मालगाडी, जिच्यात भाजीवाले भाजी नेत आणि रविवारी त्यातच बायकापोरांना बसवून फिरायला नेत. ते पाहून म्हाताऱ्या मालकाच्या मनात आलं की या लोकांना खरी गाडी दिली पाहिजे, छोटी, स्वस्त, कधी दगा न देणारी. कामगाराला गाडीत काही खोट दिसली तर त्याने दोरी ओढून सारी लाइन थांबवायची, कुणी साहेब त्याला जाब विचारणार नाही. हा भाग नवरा नेहमीच दोनदा वाचतो. आणि मग समुद्र ओलांडून ती गाडी आपल्याकडे, आणि शेवटी आमच्या अंगणात.

भाऊजी पहिल्याच पानावर उठले होते.

"काड्या नाही. गळ."

"काय गळ?"

"मासे धराचे गळ. समुद्राकाठी राह्यते न तो? समुद्राकाठी कोन छत्र्या बनवते बे? मासे असते तिथं. तारेचे गळ बनवत होता."

"पाऊस पडत नाही का जपानात? मी वाचलं हाय."

"मी बी वाचलं हाय. काडी सरळ असते, ते कोनीबी करते. तार वाकवून गळ कराले अक्कल लागते. अशी गाडी बनवनारा मानूस काड्या करत बसंन का?"

मंडळातले बाकीचे आधी हसले, मग त्यांचे दोन तट पडले. कुणी म्हटलं मोबाइलवर बघा. दोघंही एकदम म्हणाले, मोबाइलवर काहीही असते. मोबाइलवर तिसरंच काही निघालं असतं तर दोघांचीही पंचाईत झाली असती, हे मला आता कळतं. आठेक वर्षांपूर्वी प्लांटमध्ये मशीन बसवायला आलेल्या एका जपानी इंजिनियरला हे दोघं घरी घेऊन आले होते. मी त्याला तर्री-पोहे दिले. तर्रीने त्याचे डोळे वाहत होते तरी त्याने दुसऱ्यांदा घेतले. मग त्याला गॅरेजमध्ये नेऊन गाडी दाखवली आणि विचारलं, सुरुवातीला कंपनी काय बनवत होती? तो म्हणाला, माहीत नाही, माझ्याकडे गाडी नाही, मी आगगाडीने आणि सायकलने जातो. दोघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. मग त्याने शिष्टाचार म्हणून गाडीचं दार उघडून लावलं. थांबला. पुन्हा उघडून लावलं. पुन्हा. चौथ्यांदा मी त्याला हात धुवायला बोलावलं.

तर पूजेच्या दिवशी प्रसादाचा शिरा थंड होईपर्यंत ते भांडण चाललं. शेवटी नवरा म्हणाला, "तुले इतिहास समजत नाही, तू ब्रेक पाह्य." भाऊजींनी हातातला नारळ खाली ठेवला, आपल्या बायकोला, म्हणजे वहिनींना, म्हणाले "चाल वो," आणि निघून गेले. टॅग तिथेच राहिला.

मी आधी लक्ष दिलं नाही. हे दोघं यापूर्वीही भांडले आहेत. इंजिन ऑइल कुठलं यावरून अकरा दिवस बोलले नव्हते. पण यंदा तीन आठवडे झाले. मी नवऱ्याला म्हटलं, टॅग काढा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याला कुणाच्या गळ्यातलं काही तोडायला सांगत होते.

"त्याचा टॅग हाय. मी कसा काढू?"

"गाडीखाली कोणी नाही. मी आत्ताच झाडून आले."

"प्रश्न तो नाही."

प्रश्न काय आहे ते मला माहीत होतं. पस्तीसेक वर्षांपूर्वी, दोघंही नवीन असताना, भाऊजी एका मोठ्या मशीनच्या आत काही कामासाठी उतरले होते आणि बाहेर त्यांचा टॅग लटकत होता. वरून निरोप आला की आत कुणी नाही, चालू करा. माझा नवरा स्विचसमोर जाऊन उभा राहिला. टॅग आहे, म्हणाला, टॅगवाला येऊन काढेल. त्याला ओरडले, धमकावलं. तो चाळीस मिनिटं तिथे उभा होता. भाऊजी बाहेर आले, त्यांनी टॅग काढला, खिशात घातला आणि म्हणाले, "चहा घेऊ." एवढंच. झालं काहीच नाही. पण त्यानंतर माझ्याशी लग्न करायचा निर्णयसुद्धा नवऱ्याने भाऊजींना विचारून घेतला असं मला सासूबाईंनी सांगितलं होतं.

तेव्हा तो टॅग तो काढणार नव्हता, गाडी क्रेनने गेली तरी. तसं तो म्हणालाही. "नेऊ दे त्याइले. टॅगसकट नेऊ दे."

मी भाऊजींनाही फोन केला होता. "त्यानं स्वतः येऊन बोलावलं की येतो वहिनी, दोन मिनिटाचं काम हाय." नवऱ्याचं म्हणणं, ज्याने लावला त्याने आपणहून यावं, त्याला आमंत्रण कशाला. दोघंही आपापल्या नियमात पक्के आणि मधे मी, दोन ऑटो बदलत.

आठ तारखेला सकाळी अकरा वाजता, हातात फडकं घेऊन मी स्टीअरिंगकडे पाहत उभी राहिले. मग ओसरीवर जाऊन नवऱ्याला विचारलं, "शटडाऊन असताना मशीनवर काम करता येतं का?"

"शटडाऊन कामासाठीच असते." तो पेपर वाचत होता.

"टॅग असताना?"

"करता येते. चालू करता येत नाही. काम करनाऱ्यानं आपला वेगळा टॅग लावाचा."

"आणि एखादा भाग काढून दुरुस्तीला बाहेर नेता येतो?"

"येते न. नेतातच." पेपर खाली आला. "कावून विचारून राहिली?"

मी खुर्सीपारच्या मिस्त्रीला फोन केला. हा माणूस गाड्यांची कामं करतो आणि प्लांटमध्ये ठेक्यावरही जातो. अर्ध्या तासात आला, दार उघडलं, टॅग पाहिला आणि एक पाऊल मागे सरकला.

"मॅडम, टॅग लगा है."

"मालूम है. गाडी चालू नही करनी है. सिर्फ स्टीअरिंग निकालना है. टॅग को हाथ नही लगाना."

त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा गॅरेजच्या दारात येऊन उभा होता. मला वाटलं अडवेल. पण नियमात अडवण्यासारखं काही नव्हतं हे त्याला कळलं होतं, आणि मला वाटतं पुढचंही कळलं होतं. "बॅटरी काट दो पहले," तो म्हणाला, "और अपना टॅग लगाओ." मिस्त्रीकडे कुठला टॅग? नवऱ्याने आतून आपल्या जुन्या ड्रॉवरमधला आणून दिला. मिस्त्रीने त्यावर सही केली, वेळ लिहिली, तो गिअरला बांधला, बॅटरीची तार सोडवली, हॉर्नचं झाकण काढलं, मधला मोठा नट पान्याने सैल केला, आणि दोन झटक्यांत अख्खं स्टीअरिंग माझ्या हातात दिलं. भाऊजींचा टॅग त्यावर डुलत होता.

"अब मेरा निकाल लूं?"

"अभी नही. अभी लगाना भी है वापस. बैठो, चाय पियो."

मी ऑटो थांबवला. दोन गल्ल्या चालत जाता आलं असतं, पण भरदुपारी हातात स्टीअरिंग धरून सेक्टरमधून चालत गेले असते तर संध्याकाळपर्यंत पुण्यात फोन गेला असता. ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं. त्याला मी भाऊजींच्या दारात थांबवून ठेवलं.

भाऊजी जेवायला बसले होते. वहिनींनी दार उघडलं, स्टीअरिंग पाहिलं, "अगं बाई, अपघात झाला का वो?" म्हणाल्या. मी आत गेले आणि स्टीअरिंग त्यांच्या ताटाशेजारी टेबलावर ठेवलं.

"भाऊजी, तुमचा टॅग. काढा."

त्यांनी घास गिळला. टॅग उलटा-सुलटा करून पाहिला, सही पाहिली. एका क्षणात त्यांच्या तोंडावर येऊन गेलेलं हसू मला दिसलं, ते त्यांनी लगेच पुसलं.

"वहिनी, असा नाही काढता येत."

"का?"

"टॅग जागेवरच काढा लागते. मशीन पाहून. सगळे मानसं बाजूले हायेत का, कोनी आत नाही न, हे पाहून. इथं बसून काढला तर त्याले काय अर्थ हाय? हे मशीन नाही, हे हँडल हाय."

"मग चला जागेवर."

"त्यानं बोलावलं का?"

"त्याने नाही बोलावलं. मशीनने बोलावलं. तिचा भाग तुमच्या टेबलावर आहे आणि ती तिकडे उघडी पडली आहे. तुमच्या टॅगखाली. आता सांगा, कोणाची जबाबदारी?"

वहिनी पोळी वाढायला थांबल्या होत्या. म्हणाल्या, "जा न वो. तीन हप्त्यापासून रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन त्याइच्या पत्र्याकडं पाहून राहिले. मले सांगता कबुतरं पाहून राहिलो."

भाऊजींनी हात धुतले. चष्मा बदलला. कपाटातून स्वच्छ शर्ट काढून घातला, जशी ड्यूटीच. ऑटोत स्टीअरिंग त्यांनी मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी, दहा वाजून दहा मिनिटांसारखं धरून. वळणावर त्यांचे हात आपोआप फिरले. ऑटोवाल्याचा आता निरुपाय झाला.

"अंकल, आप चलाओगे कि मैं?"

"तू सामने देख," भाऊजी म्हणाले. मग दहा सेकंदांनी, "और क्लच पूरा छोड, जल रही है."

घरी नवरा गॅरेजमध्येच होता. मिस्त्री बाजूला खुर्चीवर चहा पीत. भाऊजी उतरले, स्टीअरिंग हातात. भाऊजींनी गाडीला एक फेरी घातली, वाकून खाली पाहिलं, डिकी उघडून पाहिली. नवरा त्यांच्यामागे चार पावलांवर. मिस्त्रीने स्टीअरिंग बसवलं, नट आवळला, बॅटरी जोडली, आपला टॅग काढून सहीवर काट मारली. मग सगळे मागे सरले.

"कोनी आत हाय?" भाऊजींनी मोठ्याने विचारलं. गॅरेजमध्ये आम्ही चौघं होतो आणि चौघंही बाहेर दिसत होतो.

"नाही," नवरा म्हणाला.

"पाह्यलं?"

"पाह्यलं."

भाऊजींनी तार सोडवली, टॅग काढला, खिशात घातला. माझ्या मनात आलं की आता चहा घेऊ म्हणतील. ते म्हणाले, "तरी पन गळच."

"काड्या," नवरा म्हणाला. "चहा टाक वो, चौघाइचा."

मी गाडी चालू केली. तीन आठवडे उभी होती, पहिल्या किल्लीला लागली. गल्लीत एक फेरी मारली तेव्हा लक्षात आलं की चाकं सरळ असताना स्टीअरिंग वाकडं असतं, उजवीकडे कललेलं. मिस्त्रीने एक खाच चुकवून बसवलं होतं. मी येऊन सांगितलं. दोघंही खुश झाले, कारण आता खरोखरच काही बिघडलेलं होतं. नवरा पाना आणायला उठला, भाऊजींनी खिशात हात घातला.

"टॅग खिशातून काढायचा नाही," मी म्हटलं. "उद्या दुर्गहून आल्यावर काय करायचं ते करा. आज कुणी हात लावला तर मी क्रेनवाल्याला स्वतः फोन करीन."

दोघं बसले. मी गॅरेजची उरलेली बाजू झाडली आणि किल्ली आपल्या पर्समध्ये घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता निघाले. दोघांनाही यायचं होतं, दोघांनाही नेलं नाही. स्टीअरिंग वाकडं धरून गाडी सरळ चालवायला चंदूलालच्या चौकापर्यंत सवय झाली. दुर्गला माझ्यापुढे अकरा गाड्या होत्या. फाइल उघडून कागद लावत होते तेव्हा तळाशी ते सीलबंद मॅन्युअल सापडलं. नवऱ्याने कागदांबरोबर ते वीस वर्षं जपून ठेवलं होतं. रांग हलत नव्हती. मी केसांतली पिन काढून सील फोडलं.

पहिल्याच पानावर मालकांसाठी कंपनीचा मजकूर होता. आमच्या संस्थापकांनी गावातल्या घरांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवण्यापासून सुरुवात केली, असं लिहिलं होतं. काड्या नाहीत, गळ नाहीत. बिजागऱ्या. मी ते दोनदा वाचलं आणि मिटलं.

माझी पाळी आली. इन्स्पेक्टरने चेसिस नंबर पाहिला, दिवे पाहिले, ब्रेक पाहिला, गाडी आवारात फिरवून आणली.

"मॅडम, स्टीअरिंग टेढा है."

"गाडी सीधी चलती है."

"वो तो चलती है," तो म्हणाला. "ठीक करा लेना." उतरून त्याने दार लावलं. ढप्प. मग जरा थांबून, कागद बगलेत धरून, दार पुन्हा उघडून लावलं, आणि सही केली.

बाहेर झेरॉक्सच्या दुकानातून मी दहा रुपयांची चिकटपट्टी घेतली आणि मॅन्युअलचं पाकीट होतं तसं बंद केलं. फाइलच्या तळाशी ठेवलं. घरी फोन करून "पास" म्हणाले. मागून भाऊजींचा आवाज येत होता, म्हणजे ते सकाळपासून तिथेच होते आणि आपला गळ काही सोडायच्या तयारीत नव्हते. मी फोन ठेवला आणि तशीच कुरुदला गेले. तिसऱ्या तासाला सातवीची अपूर्णांकांची चाचणी होती.